किल्लीला अणुप्रकाश हवा कशाला?

पिशवीच्या तळाशी गेलेली किल्ली, तंबूच्या कोपऱ्यात पडलेली विजेरी, वीज गेल्यावर हाती न लागणारी औषधाची डबी. अशा वस्तूंना बांधण्यासाठी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक काचेची नळी मिळते. तिला बॅटरी लागत नाही, उन्हात ठेवावी लागत नाही. वर्षानुवर्षे ती अहोरात्र मंद हिरवी उजळत राहते. बेंगळुरूहून मध्यरात्री निघून पहाटे स्कंदगिरीच्या पायथ्याशी पोहोचणाऱ्या तरुणाला तिचा मोह पडला, तर नवल नाही. मात्र त्या नळीत ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू भरलेला असतो. रोजच्या वस्तू शोधण्यासाठी किरणोत्सारी द्रव्य वापरावे काय, या प्रश्नाचे उत्तर भीतीपोटी देऊ नये आणि हौसेपोटीही देऊ नये.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचेच जड भावंड. त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हे केंद्र अस्थिर असल्याने त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तो नळीच्या आतील फॉस्फरच्या लेपावर आदळतो आणि लेप प्रकाशतो. या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हवेत तो सुमारे ६ मिलिमीटरच जातो. काच त्याला अडवते आणि त्वचेचा मृत थरही अडवतो. अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणून साधारण बारा वर्षांनी उजेड निम्म्यावर येतो. नळी अभंग आहे तोवर ती खिशात बाळगणाऱ्याला तिच्यापासून चिंता करण्याजोगे काही नाही.

ती फुटली तर? येथे ट्रिटियम कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. हिशेबासाठी १०० कोटी बेकरेल ट्रिटियम धरू. काही हातघड्याळांच्या तबकडीवर आढळणाऱ्या ‘टी २५’ या खुणेची कमाल मर्यादा जवळपास एवढीच आहे. किल्लीसाठीच्या मोठ्या नळीत याच्या काही पट ट्रिटियम असू शकते. हा सारा वायू एखाद्याने श्वासातून आत घेतला, तरी मात्रा सुमारे १.८ मायक्रोसीव्हर्ट होईल; निसर्गातून ती आपल्याला सहा-सात तासांत मिळतेच. पण तेवढेच ट्रिटियम पाण्याच्या रूपात पोटात गेले, तर मात्रा १८ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दहा हजार पट. वायूचा फार थोडा अंश शरीरात टिकतो. पाणी मात्र शरीरभर पसरते आणि निम्मे बाहेर पडायला सुमारे दहा दिवस घेते.

कर्नाटकाने हा फरक अनुभवला आहे. बेंगळुरूच्या दिव्यांना जिची वीज मिळते, त्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा प्रकल्पात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नित्य तपासणीत ट्रिटियमचे वाढलेले प्रमाण आढळले. हे कृत्य कोणीतरी जाणूनबुजून केले असावे, असे अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी म्हटले होते. जड पाण्यातील ड्युटेरियम अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून ट्रिटियम बनते. कॅनडातील डार्लिंग्टन येथे ते जड पाण्यातून वेगळे काढले जाते आणि त्याचा काही भाग अशा स्वयंप्रकाशी नळ्यांसाठीही विकला जातो.

खरी अडचण नळीच्या अखेरीस येते. किल्ली हरवते, पिशवी फाटते, नळी कचऱ्यात जाते. कचरा पेटला की ट्रिटियमचा वायू ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी बनतो. जमिनीतील सूक्ष्मजीवही हेच काम सावकाश करतात. ब्रिटन आणि अमेरिकेतील काही कचराभूमींतून झिरपणाऱ्या पाण्यात ट्रिटियम वाढलेले आढळले आहे, आणि त्याचा संबंध टाकून दिलेल्या स्वयंप्रकाशी फलकांशी जोडला गेला आहे. एका नळीने कोणाचे आरोग्य बिघडणार नाही. पण मंडूर आणि मावळ्ळीपुरा येथील ग्रामस्थांना बेंगळुरूच्या कचऱ्याविरुद्ध लढावे लागले, हे ठाऊक असताना ‘प्रमाण अल्प आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. सोय एकाची आणि अवशेष दुसऱ्याच्या विहिरीशी, हा व्यवहार न्याय्य नाही.

किरणोत्सारापासून संरक्षणाचे पहिले तत्त्व समर्थनीयतेचे आहे: वापराचा लाभ हानीहून स्पष्टपणे मोठा हवा. मात्रा कमी आहे, हा मुद्दा त्यानंतरचा. अमेरिकेतील नियम ट्रिटियमच्या स्वयंप्रकाशी वस्तूंना सवलत देतात, पण क्षुल्लक उपयोगाच्या वस्तू, खेळणी आणि अलंकार यांना त्या सवलतीतून वगळतात. विमानातील बाहेर पडण्याचा मार्ग धुराने भरला असता दाखवणारा फलक, वीज पूर्ण गेली तरी वाचता यावे असे होकायंत्र, यांच्यासाठी ट्रिटियमचे समर्थन करता येते. तेथे न दिसण्याची किंमत प्राणाने मोजावी लागू शकते. किल्ली न सापडण्याची किंमत दोन मिनिटांचा वैताग आहे.

त्या वैतागावर उपायही आहे. १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने पुढे आणलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट थोडा वेळ प्रकाश मिळाला की कित्येक तास उजळते, आणि ते किरणोत्सारी नाही. बंद पिशवीत दिवसभर राहिल्यास ते विझते, हा आक्षेप खरा आहे. पण पिशवीत मोबाईलचा प्रकाश क्षणभर टाकला, तर किल्ली दिसतेच.

भारतात किरणोत्सारी द्रव्य असलेल्या वस्तूंचे उत्पादन, आयात आणि विक्री अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमनाखाली येते. परदेशी दुकानातून अशी नळी घरबसल्या मागवणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी जाणून घ्यावे. मंडळाने या वस्तूंविषयी प्रादेशिक भाषांत सोपी माहिती द्यावी. जेथे परवानगी असेल तेथे वस्तूवर ट्रिटियमचे बेकरेलमधील प्रमाण आणि निर्मितीचे वर्ष छापणे, आणि वापरानंतर ती परत घेणे, विक्रेत्यावर बंधनकारक असावे. ट्रिटियमला घाबरण्याचे कारण नाही. पण त्याचे काम किल्लीच्या जुडग्यात नाही.