इंजिनिअरिंगचें पहिलें वर्ष : गुण कशाचे द्यावे ?

परीक्षा ही विद्यार्थ्याची होते असें आपण समजतों. पण थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, प्रत्येक परीक्षेंत परीक्षा घेणाऱ्याचीही परीक्षा होत असते. गुण कशाचे द्यावयाचे, किती वेळां पारखावयाचें, आणि जो एकदां पडला त्यास पुन्हां उठण्यास जागा ठेवावयाची कीं नाहीं, या प्रश्नांचीं जीं उत्तरें शिक्षक ठरवितो, त्यांवरून विद्यार्थी काय शिकेल हें बव्हंशीं ठरून जातें. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार आम्ही एका विशिष्ट वर्गापुरता, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षापुरता, करणार आहों.

हायस्कुलाच्या वार्षिकांत कॉलेजच्या परीक्षांची चर्चा कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर हें कीं, आपल्या भागांतील पुष्कळ मुलें व मुली बारावीनंतर याच वाटेनें जातात. सांगलीचें वालचंद कॉलेज १९४७ सालचें, कराडचें सरकारी कॉलेज १९६० सालचें, राजारामनगरचें १९८३ सालचें. आतां तर खुद्द विट्यांतही हें शिक्षण मिळतें. या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक आपल्या घराण्यांतील पहिलेच इंजिनिअर होऊं पाहतात. कोणाच्या बापानें यंत्रमागावर रात्रपाळ्या करून, तर कोणाच्या बापानें परमुलखांत गलाईचें दुकान चालवून फीचे पैसे जमविलेले असतात. अशा घरचें मूल पहिल्या सहामाहींत दोन विषयांत नापास झाल्याची बातमी येते, तेव्हां ती गुणपत्रकावरची एक ओळ राहत नाहीं. सगळें घर त्या दिवशीं जेवणावर बसूनही जेवत नाहीं.

हें नापास होणें बहुधा बुद्धीच्या अभावामुळें नसतें. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेंत चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहींत. तेथें अंदाजानें मारलेला खडाही कधीं कधीं लागतो. पहिल्या वर्षीं मात्र पर्याय कोणी देत नाहीं. यंत्रशास्त्राच्या तासाला तुळईवर कोणकोणतीं बलें कोठें लागतात याची आकृति स्वतः काढावी लागते. ड्रॉइंगच्या तासाला एखादा पदार्थ मनांत फिरवून त्याचें समोरचें, वरचें व बाजूचें दर्शन कागदावर उतरवावें लागतें. अभ्यासाची ही नवी रीत अंगवळणी पडण्यास तीन-चार महिने लागतात. आणि नेमकें तेवढ्यांतच सहामाही संपून निकाल लागतो. नापास विषय मागें ठेवून पुढच्या वर्गांत बसण्याची मुभा असते. मुलांच्या बोलींत तिला 'ए. टी. के. टी.' म्हणतात. मुभा चांगली आहे. पण ती कर्ज आहे, माफी नव्हे. ज्यास बलांचें संतुलन समजलें नाहीं, त्यास पुढें पदार्थांच्या मजबुतीचें शास्त्र कसें समजावें ? राहिलेले विषय मर्यादेपलीकडे गेले, कीं एक अख्खें वर्ष हातचें जातें.

गुण देण्याची रीत बदलली म्हणजे निकाल किती बदलतो, हें आपल्या दहावीच्या परीक्षेनेंच दाखवून दिलें आहे. २०१८ सालीं महाराष्ट्राचा दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांचे शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० वर आला. २०२० सालीं ते गुण परत दिले, तों निकाल ९५.३० वर गेला. अभ्यासक्रम त्या सुमारास बदलला होता, आणि २०२० सालीं महामारीमुळें भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें दिले गेले, हें खरें. तरीही दोन वर्षांत महाराष्ट्राचीं मुलें एकदां अकस्मात् मंद आणि लगेच अकस्मात् कुशाग्र झालीं, असें कोणी म्हणणार नाहीं. मुलें होतीं तशींच होतीं; मापाचें भांडें बदललें होतें. म्हणून निकालाच्या आंकड्यावर रडण्याआधीं किंवा पेढे वाटण्याआधीं, माप कोणतें होतें हें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

मग खरें माप कोणतें ? तें शोधण्यास विट्याच्या माणसानें दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या तालुक्यांतील गलाई कारागीर हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत सोनें-चांदी शुद्ध करण्याचा व्यवसाय करीत आहेत. अग्निपरीक्षेनें सोन्याचा कस पाहतात तो असा: लगडीचा लहानसा तुकडा अचूक तोलून, त्यांत चांदी मिसळून, तो शिशांत गुंडाळून हाडांच्या राखेच्या मुशींत भट्टींत घालतात. हिणकस धातु शिशाबरोबर मुशींत मुरून जातात. राहिलेला मणि चपटा करून नत्राम्लांत उकळला म्हणजे चांदी विरघळते, आणि शेवटीं उरतें तें निव्वळ सोनें पुन्हां तोलतात. यांत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जाणता पारखी लगडीच्या एकाच कोपऱ्यावर भिस्त ठेवीत नाहीं. कस कमी निघाला म्हणून लगड कोणी उकिरड्यावर टाकीत नाहीं. ती पुन्हां मुशींत घालून शुद्ध करतात. आणि कस कमी असतां केवळ गिऱ्हाईक रडतें म्हणून कोणी जास्त लिहून देत नाहीं. वेळोवेळीं पारख, सुधारण्याची संधि आणि अढळ माप, या तीन गोष्टी ज्या गुणपद्धतींत असतील तीच आमच्या मतें पहिल्या वर्षास योग्य होय.

आजची रीत या कसोटीस कितपत उतरते ? वर्षाच्या कामाचे म्हणून जे गुण देतात ते पुष्कळदां नकलेचे असतात. काचेखालीं दिवा लावून, मित्राच्या ड्रॉइंगवर कोरा कागद ठेवून रेघा गिरविण्याची युक्ति आपल्याकडील इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिला 'जी. टी.' असें नांवही आहे. घरीं करावयाचीं उदाहरणें तर आतां संगणकाला विचारलीं कीं क्षणांत सुटून येतात. अशा कागदांवर वीसपैकीं अठरा गुण पडले तर ते काचेचे आणि यंत्राचे होत. घरचें काम अवश्य द्यावें, तें सरावासाठीं सक्तीचेंही असावें, पण गुण मात्र वर्गांत, शिक्षकांच्या नजरेसमोर काढलेल्या आकृतीस आणि तोंडीं विचारलेल्या "ही रेघ येथें कां?" या प्रश्नाच्या उत्तरास द्यावे.

यास्तव आमच्या सूचना अशा. पहिली, गुणांचा सर्व नियम पहिल्याच दिवशीं लेखी द्यावा: कोणत्या कामास किती गुण, उशिरा दिलेल्या कामाचें काय, आजाऱ्याची सोय कोणती, आणि तो मध्येंच बदलूं नये. दुसरी, बहुतेक भार एका मोठ्या पेपरावर न टाकतां दर पंधरवड्यास अर्ध्या तासाची चांचणी घ्यावी, आणि दहांपैकीं उत्तम आठ धराव्या. म्हणजे तापानें अंथरुणावर पडलेल्यास दाखल्यासाठीं पळावें लागणार नाहीं, आणि एका वाईट दिवसानें कोणाचें नशीब ठरणार नाहीं. तपासलेला कागद आठवड्याच्या आंत हातीं पडावा. जी चूक कोठें झाली हें कळलेंच नाहीं ती सुधारावी कशी? तिसरी, रीतीस गुण असावे, पण परिमाण न लिहिल्यास ते कापावे. ही कांहीं क्षुल्लक खोड नव्हे. १९९९ सालीं अमेरिकेनें मंगळाकडे पाठविलेलें एक यान नष्ट झालें, त्याचें कारण हें कीं, हिशेबांत एका बाजूनें बलाचें माप पौंडांत दिलें आणि दुसऱ्या बाजूनें तें न्यूटनमध्यें समजलें गेलें. चौथी, पुनर्परीक्षा लवकर घ्यावी, आणि तींत मिळालेल्या गुणांनीं पहिले गुण पुसून टाकावे. मुलगा ऑक्टोबरांत काय विसरला होता यापेक्षां त्यास जानेवारींत काय येतें हें महत्त्वाचें आहे. पांचवी, निकालाविषयीं शंका असल्यास ती कारण देऊन लेखी मांडावी आणि सगळा पेपर पुन्हां तपासावा, मग गुण वाढोत कीं कमी होवोत. दयेचे गुण मात्र कोणासही देऊं नयेत.

श्रेणीचाही एक प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ च्या सुमारास सुचविलेल्या दहा अंशांच्या पद्धतींत श्रेणी ठरविण्याचे दोन मार्ग ठेवले आहेत: एक, ठरविलेल्या गुणांवरून, दुसरा, वर्गांतील इतरांच्या तुलनेनें. दुसऱ्या मार्गाच्या बाजूनें असें म्हणतात कीं, एखाद्या वर्षीं पेपर फार कठीण निघाल्यास त्यामुळें अन्याय होत नाहीं. हें म्हणणें टाकाऊ नाहीं. परंतु कठीण पेपराचा उपाय पेपर सुधारणें हा होय, मुलांस एकमेकांविरुद्ध उभें करणें हा नव्हे. मित्रास समजावून सांगितल्यानें आपलीच श्रेणी खालीं जाईल अशी भीति ज्या वर्गांत असेल, तेथें वही दाखविणारा हात आंखडतोच. सोन्यावर ९१६ चा छाप बसतो, तो शेजारच्या दागिन्याचा कस कमी आहे म्हणून नव्हे, तर हजारांत तितके भाग खरें सोनें आहे म्हणून. वर्गांतील साठही मुलांस विषय आला, तर साठांसही चांगली श्रेणी मिळावी. कोणासच आला नाहीं, तर कोणासही मिळूं नये.

"एवढ्या सवलती दिल्या म्हणजे कच्चे इंजिनिअर निपजतील," असा आक्षेप येईल. तो योग्य भीतींतून आलेला आहे. कृष्णेचें पाणी टेंभूपासून टप्प्याटप्प्यानें उपसून आपल्या अवर्षणग्रस्त मुलखांत आणलें आहे. त्या पंपांच्या आणि नळांच्या हिशेबांत कोणी दयेनें पास झालेला असावा, असें येथील एकाही शेतकऱ्यास वाटणार नाहीं. पण आम्ही माप सैल करा असें म्हणत नाहीं. मापाला येण्याची संधि वाढवा असें म्हणतों. उलट, शंभरांत चाळीस गुणांस पास करण्याच्या रीतीनें साठ भाग अज्ञान पुढच्या वर्गांत निर्वेध जातें, त्याची चिंता आक्षेपकांनीं अधिक करावी. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या श्रमाचा. साठ मुलांच्या दहा चांचण्या म्हणजे सहाशें कागद होतात, हें आम्हांस शिक्षक या नात्यानें चांगलें ठाऊक आहे. म्हणूनच चांचणी एका प्रश्नाची असावी, आणि संस्थांनीं तपासणीस मदतनीस द्यावे. नवी इमारत बांधण्यापेक्षां हा खर्च थोडा, आणि फळ मोठें आहे.

एक गोष्ट मराठी शाळांतून जाणाऱ्या मुलांविषयीं. पुष्कळ वेळां यंत्रशास्त्राचा पेपर इंग्रजीचाच पेपर होऊन बसतो. उदाहरण येत असतें, पण प्रश्न कळत नाहीं. २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें मराठीसह कांहीं देशी भाषांतून हें शिक्षण देण्याची मुभा दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. जेथें तशी सोय नाहीं, तेथें निदान पहिल्या वर्षाचे प्रश्न सोप्या वाक्यांत, आकृतीसह विचारावे. ज्या गुणाची पारख करावयाची तोच पारखला जावा, एवढेंच आमचें मागणें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही ज्या कॉलेजांत जाल तेथील नियम तुमच्या हातीं नसतील. पण ते समजून घेणें तुमच्या हातीं आहे. पहिल्या आठवड्यांतच तो कागद मागून वाचा. काचेवर गिरविलेली रेघ हातास कांहीं शिकवीत नाहीं, हें विसरूं नका. पेपर परत मिळाला म्हणजे गुणांच्या आधीं चुका पाहा. पुण्याच्या कॉलेजांतून १८८३ सालीं विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले; तो क्रमांक आज थोड्यांनाच आठवतो, पण १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर बसविलेले त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे इंजिनिअरांच्या स्मरणांत आहेत.

आणि पालकहो, आपणांस एक विनंति. "किती पडले ?" हा प्रश्न घरोघरीं आधीं विचारतात, त्याच्या जागीं "काय अडलें?" असें विचारून पाहा. पहिल्या प्रश्नास मूल खोटेंही उत्तर देऊं शकतें, आणि भीतीनें देतेंही. दुसऱ्यास बहुधा खरें देतें. पहिल्या सहामाहींत एखादा विषय राहिला म्हणून शिक्षण बंद करण्याची घाई करूं नका, आणि ओळखीच्या माणसाकडून गुण वाढविण्याच्या खटपटीसही लागूं नका; त्यानें मुलास एवढेंच कळतें कीं, माप विकत मिळतें. पाहिजे असल्यास कॉलेजांत जा, शिक्षकांस भेटा, पण पुनर्परीक्षा केव्हां आहे आणि मुलानें कोणता भाग पुन्हां करावा हें विचारण्यासाठीं जा. आपल्या गांवच्या भट्टींत कमी कसाची लगड रोज पुन्हां तापते आणि शुद्ध होऊन बाहेर पडते. जें धातूच्या बाबतींत आपण धीरानें करतों, तेवढा धीर आपल्या मुलांच्या वांट्यासही यावा.