ग्राफिक्स कार्डची महागाई : गेमिंगच्या बाजारपेठेवर एआयची छाया

बेंगळुरू : ज्या शहरात हजारो अभियंते जगातील अत्यंत गुंतागुंतीच्या चिपांची रचना करतात, त्याच शहरात त्या चिपांवर चालणारे उच्च श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्याबाहेर चालले आहे. एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स आरटीएक्स ५०९०’ हे कार्ड ३० जानेवारी २०२५ रोजी विक्रीस आले, तेव्हा भारतासाठी त्याची प्रारंभिक किंमत २ लाख १४ हजार रुपये जाहीर झाली होती. एवढ्या रकमेत एक चांगली दुचाकी घेता येते. तरीही पहिल्या खेपेतील कार्डे जगभर अल्पावधीत संपली. बेंगळुरूचा एस. पी. रोड असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारपेठेत येणाऱ्या तरुण ग्राहकापुढे आज एकच प्रश्न आहे. इतका खर्च करून नेमके काय मिळते आणि ही किंमत ठरवते कोण?

किमतीचे गणित

आरटीएक्स ५०९०ची अमेरिकेतील जाहीर किंमत १,९९९ डॉलर होती आणि त्यात तेथील विक्रीकर समाविष्ट नसतो. डॉलरचा दर ८६ रुपये धरला, तर ही रक्कम सुमारे १ लाख ७२ हजार रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लावल्यास आकडा २ लाख ३ हजारांच्या आसपास पोहोचतो. याचाच अर्थ भारतातील जाहीर किमतीचा फार मोठा भाग डॉलरचा दर आणि कर या दोन घटकांनीच व्यापला आहे. विक्रेत्यांचा नफा आणि वाहतूक यांसाठी उरणारा वाटा तुलनेने लहान आहे.

या गणितातील सर्वांत अस्थिर घटक रुपया आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरचा दर ९० रुपयांच्या पुढे गेला. त्या दराने हेच गणित मांडले, तर करासह रक्कम २ लाख १२ हजारांवर जाते आणि मूळ जाहीर किमतीत व्यापाऱ्यासाठी जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. कारखान्यात काहीही बदललेले नसताना भारतीय ग्राहकाला तीच वस्तू महाग पडते, ती अशी. बेंगळुरू, पुणे किंवा नागपूर येथील ग्राहकाने ‘थोडे थांबू, किंमत उतरेल’ असा विचार करणे पूर्वी शहाणपणाचे होते. घसरत्या रुपयाने त्या शहाणपणाचा आधार कमकुवत केला आहे.

आठ वर्षांत तिपटीजवळ

चलनाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मूळ डॉलरमधील किंमतही सातत्याने चढली आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘जीटीएक्स १०८० टीआय’ या त्या वेळच्या अव्वल गेमिंग कार्डाची किंमत ६९९ डॉलर होती. २०२० मधील ‘आरटीएक्स ३०९०’ १,४९९ डॉलरला, ऑक्टोबर २०२२ मधील ‘आरटीएक्स ४०९०’ १,५९९ डॉलरला आणि ‘५०९०’ १,९९९ डॉलरला बाजारात आले. चिपांच्या किमती काळानुसार उतरत जातील ही कल्पना आता भूतकाळातील आहे, असे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले होते. त्यात तांत्रिक तथ्य आहे. ५०९०च्या चिपमध्ये सुमारे ९,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि तैवानमधील टीएसएमसी कंपनीच्या प्रगत कारखान्यांत अशी मोठी चिप बनवणे खर्चिक आहे.

तथापि, एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. अव्वल श्रेणीत स्पर्धाच उरलेली नाही, हे दुसरे कारण आहे. एएमडीने या पिढीत सर्वोच्च श्रेणीची शर्यत सोडून मध्यम श्रेणीवर लक्ष केंद्रित केले. तिचे ‘आरएक्स ९०७० एक्सटी’ हे कार्ड मार्च २०२५ मध्ये ५९९ डॉलर या किमतीला आले. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये ‘आर्क बी५८०’ हे कार्ड २४९ डॉलरला आणले. मध्यम आणि प्राथमिक श्रेणीत ग्राहकाला निवड आहे. शिखरावर मात्र एकच विक्रेता आहे.

खेळाडूचे महत्त्व घटले

तिसरे आणि सर्वांत निर्णायक कारण एनव्हिडियाच्या ताळेबंदात दिसते. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीच्या सुमारे २,६९० कोटी डॉलर महसुलापैकी १,२४६ कोटी डॉलर गेमिंगमधून आले होते आणि डेटा सेंटर व्यवसाय त्याच्या मागे होता. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण महसूल सुमारे १३,०५० कोटी डॉलरवर गेला. त्यात डेटा सेंटरचा वाटा सुमारे ११,५२० कोटी, तर गेमिंगचा अवघा १,१३५ कोटी डॉलर होता. तीन वर्षांत गेमिंगचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आत आले. ज्या खेळाडूंच्या पैशावर ही कंपनी उभी राहिली, ते आज तिचे दुय्यम ग्राहक ठरले आहेत.

शिवाय ५०९०मध्ये ३२ जीबी जलद मेमरी आहे. आजच्या बहुतेक गेमना एवढ्या मेमरीची गरज नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे स्वतःच्या यंत्रावर चालवू पाहणाऱ्या नवउद्योगाला आणि संशोधकाला मात्र ती हवीच असते. अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनला होणाऱ्या प्रगत चिपांच्या निर्यातीवर निर्बंध वाढवले, तेव्हा त्यांच्या कक्षेत ४०९० हे गेमिंगसाठी विकले जाणारे कार्डही आले. खेळाचे साधन आणि सामरिक साधन यांतील सीमारेषा किती पुसट झाली आहे, याचा हा पुरावा होय. बेंगळुरूसारख्या नवउद्योगांच्या शहरात एकाच कार्डासाठी खेळाडू आणि एआय अभियंता हे परस्परांचे स्पर्धक आहेत.

मेमरीच्या बाजारातही हेच घडत आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोजक्या कंपन्या डेटा सेंटर, संगणक आणि ग्राफिक्स कार्ड अशा तिन्ही क्षेत्रांना मेमरी पुरवतात. एआयच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी झपाट्याने महागली. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशियल’ या नाममुद्रेखालील ग्राहकोपयोगी व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. त्यामुळे नवा संगणक जुळवणाऱ्याला कार्डाबरोबर रॅमसाठीही अधिक पैसे मोजावे लागत आहेत.

वेग किती, गरज किती

महाग कार्डाचा लाभ पडद्यावर अवलंबून असतो. १९२० बाय १०८० या प्रचलित पडद्यावर सुमारे २० लाख ७० हजार बिंदू असतात, तर ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. ५०९०चे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यावरच प्रकट होते. साध्या पडद्यावर अनेकदा प्रोसेसरच मागे पडतो आणि कार्डाला काम मिळण्याची वाट पाहावी लागते. स्टीम या गेमविक्री मंचाच्या मासिक पाहणीत निम्म्याहून अधिक वापरकर्ते आजही १०८० श्रेणीचाच पडदा वापरताना दिसतात, आणि आघाडीवर ३०६० किंवा ४०६० यांसारखी मध्यम श्रेणीची कार्डे असतात. जाहिरातीतील खेळाडू आणि प्रत्यक्षातील खेळाडू यांत असे अंतर आहे.

कंपन्यांचे दावेही तपासून घ्यावे लागतात. ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड ४०९०च्या तोडीची कामगिरी देईल, असे हुआंग यांनी जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगास येथे सांगितले होते. त्यामागे ‘डीएलएसएस ४’ हे तंत्र आहे. यात कार्ड स्वतः काढलेल्या एका चित्रचौकटीमागे एआयच्या साहाय्याने तीनपर्यंत चौकटी निर्माण करते. दृश्य त्यामुळे अधिक प्रवाही दिसते. परंतु खेळाडूने कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. कथाप्रधान गेममध्ये हे चालून जाते. क्षणार्धात निकाल लागणाऱ्या स्पर्धात्मक गेममध्ये मात्र हा फरक जाणवतो.

विजेचे देयक

कार्डाची किंमत चुकती केल्यावर खर्च थांबत नाही. ५०९० पूर्ण क्षमतेने ५७५ वॉट वीज घेते आणि त्यासाठी १,००० वॉटच्या वीजपुरवठा संचाची शिफारस केली जाते. आधीचा संच लहान असेल, तर तोही बदलावा लागतो. ४०९०च्या वेळी वीजजोडणीचे टोक वितळल्याच्या घटना उघडकीस आल्या होत्या आणि ५०९०बाबतही २०२५ च्या प्रारंभी तशी उदाहरणे समोर आली. त्यामुळे जोडणी पूर्ण बसली आहे की नाही हे पाहणे आणि हलक्या प्रतीची केबल टाळणे अत्यावश्यक आहे.

संपूर्ण संगणकाचा भार ८०० वॉट धरला आणि रोज तीन तास खेळ झाला, तर महिन्याला सुमारे ७२ युनिट वीज लागते. कर्नाटकच्या ‘गृहज्योती’ योजनेत महिना २०० युनिटपर्यंत सवलत मिळते, आणि ही मर्यादा ओलांडल्यास संपूर्ण देयक भरावे लागते. मर्यादेच्या काठावर असलेल्या बेंगळुरूच्या कुटुंबाला हे ७२ युनिट सवलतीबाहेर ढकलू शकतात. महाराष्ट्रात महावितरणच्या टप्पेनिहाय दररचनेमुळे १०० युनिटनंतरची वीज बरीच महाग पडते. त्यातच कार्डाची उष्णता खोलीतच सोडली जाते. बेंगळुरूच्या सौम्य हवेत ती सुसह्य ठरते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी वातानुकूलन यंत्राचा भारही वाढतो.

करसवलत कोणाला?

५०९०च्या २ लाख १४ हजारांत सुमारे ३२ हजार ६०० रुपये जीएसटीचे आहेत. व्यवसायासाठी कार्ड घेणाऱ्या नोंदणीकृत उद्योगाला या कराची वजावट मिळते. खेळाडूला, विद्यार्थ्याला किंवा घरी बसून गेमनिर्मिती शिकणाऱ्या तरुणीला ती मिळत नाही. एआय संशोधनासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडियाएआय’ मोहिमेस मंजुरी दिली. तिच्यातून ३८ हजार ग्राफिक्स प्रोसेसर ताशी सुमारे ६५ रुपये दराने उपलब्ध करून देण्यात येत आहेत. गेमनिर्मितीच्या शिक्षणासाठी या तोडीची व्यवस्था दिसत नाही.

वास्तविक, धोरणकर्त्यांचा कल या क्षेत्राच्या बाजूने आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहनाची भूमिका घेतली. कर्नाटकाने २०२४ मध्ये, तर महाराष्ट्राने २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरण आणले. महाराष्ट्राच्या धोरणाची रक्कम ३,२६८ कोटी रुपये आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जागतिक बाजारात नेऊन भारतीय निर्मात्यांची क्षमता दाखवली. अशा चमूंसाठी ग्राफिक्स कार्ड हे कामाचे अवजार असते. या निधीतून महाविद्यालये आणि कौशल्य केंद्रांत सामायिक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तर किमतीचा अडसर काही प्रमाणात दूर होईल.

रचना येथे, उत्पादन परदेशी

एनव्हिडियाची अभियांत्रिकी केंद्रे बेंगळुरू, पुणे, हैदराबाद आणि गुरुग्राम येथे आहेत. एएमडीने नोव्हेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत पाच लाख चौरस फुटांचे आपले सर्वांत मोठे रचना केंद्र सुरू केले. उत्पादन मात्र परदेशातच होते. गुजरातमधील धोलेरा येथे उभारला जाणारा टाटा समूहाचा कारखाना २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या तंत्रावर आधारलेला आहे. ग्राफिक्स चिपांना लागणारे तंत्र त्याच्या कित्येक पिढ्या पुढे आहे. त्यामुळे नजीकच्या काळात भारतीय ग्राहकाची डॉलरवरील भिस्त कमी होण्याची शक्यता नाही.

अशा स्थितीत खरेदीचा निर्णय आपला पडदा, आपले काम आणि आपले वीजदेयक पाहूनच घेणे इष्ट. १०८० किंवा १४४० श्रेणीच्या पडद्यासाठी १२ ते १६ जीबी मेमरीचे मध्यम कार्ड पुरेसे ठरते. आरटीएक्स ५०७० टीआयची जाहीर किंमत ८० हजार रुपये होती आणि त्याची विजेची गरज ३०० वॉट आहे. परदेशातून कार्ड मागवताना भारतात हमी लागू आहे का, आणि जुने कार्ड घेताना हमीचा किती काळ उरला आहे, याची खात्री करावी. सर्वोच्च श्रेणीचे कार्ड ज्याच्या उत्पन्नाचे साधन आहे, त्याला त्याची किंमत वसूल करता येईल. केवळ खेळासाठी घेणाऱ्याने मात्र एआय कंपन्यांच्या मागणीने चढलेल्या भावात आपण सहभागी होत आहोत, हे लक्षात घेऊनच पाऊल उचलावे.