शील घरात पाळले जाते काय?



आपण धम्मदीक्षा घेतली, देव्हारे दूर केले, पंचशील मुखोद्गत केले. हे उचितच झाले. परंतु पहिले शील हिंसेपासून आणि पाचवे मद्यापासून परावृत्त होण्याचे आहे. त्यांची खरी परीक्षा विहारात नव्हे, स्वतःच्या घरात होते, हे आपण ध्यानात घेतले आहे काय?

आपल्या कितीतरी माता धुणीभांडी करतात, बांधकामावर विटा वाहतात, ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, ती फेडण्यासाठी मात्र दोघेही राबतात. फडात मुकादमाच्या शिव्या आणि खोपटात पतीचा मार, असा दुहेरी जाच ती सोसते. लेकरे ते सारे पाहतात. मार आईला बसला, मुले सुटली, असे मानणे हा भ्रम होय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. ज्यांनी बालपणी आईला मार खाताना पाहिले, त्यांच्याही वाट्याला तेच येण्याचे प्रमाण अधिक आढळले. दास्य वारशाने चालते ते असे.

कोणी म्हणेल, घरची गोष्ट चव्हाट्यावर आणल्यास समाजाची अब्रू जाईल. अब्रू मारणाऱ्याच्या हातून जाते, तक्रार करणारीच्या तोंडून नव्हे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत पत्नीने पतीची दासी न होता समान मैत्रीण व्हावे, हा उपदेश बाबासाहेबांनी केला, तो काय केवळ ऐकण्यासाठी?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मारहाणच नव्हे, तर आर्थिक छळ हीही हिंसाच ठरविली आहे. स्त्रीला संरक्षण, राहत्या घरात निवारा व मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्यास शेजारीही खबर देऊ शकतो. सद्हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दायित्व येत नाही. महिलांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. कामावरील लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

म्हणून प्रत्येक विहारात वंदनेनंतर दोन जाणत्या भगिनींनी अशा मातांचे ऐकून घ्यावे, त्यांच्यासोबत कचेरीत जावे. पुरुषांनी मारणाऱ्याला पाठीशी घालू नये. हे क्रमांक आजच आपल्या दाराआड लिहून ठेवा, आणि शेजारच्या घरातून किंकाळी आली तर दार लावून घेऊ नका.