नाणं ओळखलं, पण सापडलं कुठे?



फ्लोमार्क्टवर रोमन चांदीची नाणी स्वस्तात दिसतात, घ्यावीत का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर थोडं कडू आहे: मूळ कुठलं हे सांगणारा कागद नसेल तर घेऊ नका. मी घेतलंय, म्हणून सांगतो.

४० युरोला एक घेतलं. विकणारा म्हणाला, ऑगस्टसचं आहे, हे बघा, 'एव्हीजी' लिहिलंय. घरी भिंगातून पाहतो तर साहेबांना दाढी! ऑगस्टस नाण्यांवर तुळतुळीत असतो; सम्राटांच्या दाढ्या सुरू झाल्या हेड्रियनपासून (इ.स. ११७-१३८). आणि 'ऑगस्टस' ही नंतर पदवीच झाली, ती जवळजवळ सगळ्यांच्या नाण्यांवर सापडते. खरं नाव कडेच्या उरलेल्या अक्षरांत असतं. 'यू'च्या जागी 'व्ही' आणि शब्दांमध्ये बहुधा फट नाही, एवढं कळलं की जमतं. माझा निघाला अँटोनिनस पायस. बग सापडल्यावर होतो तसा आनंद झाला.

तो उतरला ऑस्नाब्रुकजवळच्या काल्क्रीजच्या म्युझियममध्ये. १९८७ साली टोनी क्लन या ब्रिटिश अधिकाऱ्याला तिथे डिटेक्टरने दीडशेहून अधिक दिनारियस सापडले. त्याने ते जागेसकट पुरातत्त्वखात्याला दाखवले. पुढे उत्खनन झालं, आणि इ.स. ९ मध्ये वारूसच्या तीन लीजन जिथे कापल्या गेल्या ती जागा हीच, असं बहुतेक अभ्यासक आज मानतात. तारखेचा मोठा आधार म्हणजे नाणी: इ.स. ९ नंतरचं एकही त्यांत नाही. क्लनने ती सुटी सुटी विकली असती तर?

तिथल्या एका प्रकारात ऑगस्टसचे दोन नातू, गायस आणि लुसियस, ढाली घेऊन उभे आहेत. हेच नाणं दक्षिण भारतात कोइंबतूरकडच्या साठ्यांतही सापडतं. इकडे सैनिकाचा पगार, तिकडे मिऱ्यांचा व्यापार. नाणं तेच, फरक कळतो तो जागेवरूनच.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचं. १९०६ मध्ये तिथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला! सुटं एक नाणं नुसतं नाव सांगतं, पण अख्ख्या साठ्यावरून कोण हरलं ते कळलं.

कायद्याचं म्हणाल तर जर्मनीत डिटेक्टर फिरवायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. आणि महत्त्वाचा सापडलेला ऐवज सरकारजमा, हा नियम शेवटी राहिलेल्या बायर्ननेही २०२३ मध्ये केला. भारतातून तर शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगीरीत्या बाहेर आणताच येत नाही. आजोबांच्या पेटीतलं असलं तरी. (सुट्टीवरून परतताना लक्षात ठेवा.)

माझा पायस टेबलाच्या खणात पडून आहे. मुलगी विचारते, बाबा, हे कुठून आलं? मी म्हणतो, फ्लोमार्क्टवरून.

चू.भू.द्या.घ्या.