जिंकलात तरच फी! झांबियाच्या गावकऱ्यांनी वेदांताला लंडनच्या कोर्टात कसं खेचलं?

वेदांता हे नाव आपल्याला नवीन नाही. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता. पण याच समूहाच्या ब्रिटनमधल्या मूळ कंपनीवर झांबियातल्या १,८२६ गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा ठोकला होता. हातावर पोट असलेल्या या माणसांना लंडनचा वकील परवडला कसा?

‘ली डे’ काय आहे?

१९८७ मध्ये सारा ली आणि मार्टिन डे यांनी लंडनमध्ये सुरू केलेली ही लॉ फर्म. तिची ओळख म्हणजे ती वादींसाठी, म्हणजे ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यासाठी लढते. समोर अनेकदा बडी कंपनी असते, कधी खुद्द सरकार.

केनियात माउ माउ उठावाच्या काळात ब्रिटिश राजवटीने छळलेल्या लोकांची केस याच फर्मने लढवली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी खर्चासह १ कोटी ९९ लाख पौंड दिले. नायजेरियातल्या बोडोमधल्या तेलगळतीसाठी शेलने २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंड मोजले.

मग फीचं काय?

इथे कामाला येतो ‘जिंकलो तर फी, हरलो तर नाही’ हा करार. इंग्लंडमध्ये तो कायदेशीर आहे. धोका वकिलाने उचलायचा. केस जिंकली की खर्चाचा मोठा भाग सहसा हरलेली बाजू देते. एकट्या शेतकऱ्याच्या दाव्यात हे गणित बसत नाही, हजारोंचे दावे एकत्र केले की बसतं.

झांबियात काय झालं?

चिंगोला शहराजवळच्या तांब्याच्या खाणीमुळे पाणी आणि शेतजमीन दूषित झाली, असा गावकऱ्यांचा आरोप होता. खाण चालवणाऱ्या कंपनीची मालकी वेदांताकडे होती. घटना झांबियातली आहे तर खटलाही तिथेच चालवा, असं वेदांताचं म्हणणं होतं.

एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. झांबियाच्या न्यायाधीशांवर कोर्टाला शंका नव्हती, अडचण पैशाची होती. तिथे अशा केससाठी सरकारी मदत मिळत नव्हती, ‘जिंकलो तर फी’ बेकायदा होतं आणि एवढा मोठा खटला पेलणारे वकीलही नव्हते. थोडक्यात, कोर्टाचं दार उघडं असलं तरी तिथवर जायला गाडीभाडं नव्हतं. २०२१ मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. रक्कम गुलदस्त्यातच राहिली.

सगळं छानच आहे का?

नाही. आयव्हरी कोस्टमध्ये विषारी कचरा टाकल्याच्या प्रकरणात ट्रॅफिग्युरा कंपनीने २००९ मध्ये सुमारे ३० हजार लोकांसाठी ३ कोटी पौंड दिले. ली डेने ते पैसे तिथल्या बँकेत ठेवले, त्यातल्या काहींवर डल्ला पडला आणि सुमारे सहा हजार लोकांच्या हाती काहीच आलं नाही. २०१६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने यात फर्मचाच निष्काळजीपणा असल्याचं म्हटलं. म्हणजे पीडितांच्या वकिलावरही लक्ष ठेवावं लागतं.

भारतात असं का नाही?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि भरपाईत वाटाही घेता येत नाही. या नियमामागचं कारण खरं आहे. पैसा अडकलेला वकील घाईने तडजोड करू शकतो.

पण मग लढायचं कसं? जनहित याचिका आहे, मोफत विधी सेवा आहे. हजारो लोकांची भरपाईची केस वर्षानुवर्षं चालवणं मात्र वेगळं. भोपाळच्या वेळी १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने लढायचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये पीडितांचं म्हणणं न ऐकताच ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘गावकरी कंपनीविरोधात कोर्टात’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आणखी एक गोष्ट शोधा: त्यांच्या वकिलाचा खर्च कोण उचलतंय? केस किती काळ टिकेल, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.