कानात पाणी गेलंय, निघेल आपोआप

या ग्रुपवर आपण वाडे, गणपती, सराफ्यातली खादाडी असं सगळं लिहितो. आज जरा दुखण्याबद्दल लिहिते, पण तेही आपल्या इंदूरचंच आहे.

रंगपंचमीची गेर पाहायला राजवाड्याजवळ आत्तेबहिणीच्या गॅलरीत आम्ही दरवर्षी जमतो. त्या वर्षी टँकरच्या तोफेचं पाणी थेट गॅलरीत आलं आणि मी डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तो डावा कान बंद. फोन त्या कानाला लावला तर समोरचा माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटे. आणि आत कुठेतरी लांबवर कुकरची शिटी, न थांबणारी.

झालं! घरात एकमताने निदान ठरलं, गेरचं पाणी. मलाही पटलं, कारण पाणी गेलेलं सगळ्यांनी पाहिलंच होतं. मग एका पायावर उड्या मारून झाल्या, कुशीवर झोपून झालं. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं. हे म्हणाले, "बरंय, आता माझं अर्धंच ऐकशील." सगळे हसले, मीही हसले. आठव्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरीने पाहिलं, "थोडा मळ आहे" म्हणाले आणि थेंब दिले. ते आठवडाभर घातले. मग राजवाड्याशी बसणारा लाल पगडीवाला गाठला. त्याने चिमट्याने काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "माताजी, दस साल का माल है." तीस रुपये घेतले. कान बंद तो बंदच.

चोविसाव्या दिवशी भाची मला ओढत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कानात बघायच्या आधी सांगितलं, "तोंड मिटून हुं करा. आवाज कुठल्या कानात जास्त येतोय?" मी म्हटलं, उजव्या. त्यांचा चेहराच बदलला. मग तो चिमट्यासारखा धातूचा काटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला. तोही आवाज उजवीकडेच.

हे मी नीट समजून घेतलं, तुम्हीही घ्या. आत्ता एका कानात बोट घालून गुणगुणून बघा. बोट घातलेल्या कानातच आवाज जास्त घुमेल. म्हणजे मळ, पाणी, सर्दीने पडद्यामागे साचलेलं काही, असं वाटेत आडवं आलेलं असेल तर स्वतःचा हुंकार बंद कानातच मोठा येतो. तो चांगल्या कानाकडे पळाला तर अडचण वाटेत नाही, आत नसेत असण्याची शक्यता मोठी. माझी नस बसली होती, एका रात्रीत. गेरच्या पाण्याचा काही संबंध नव्हता. कारण बहुतेकांचं सापडतच नाही, माझंही नाही सापडलं. पण औषध असतं, स्टिरॉइडचं, आणि ते पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. माझे ते दोन आठवडे लसणीच्या तेलात गेले.

गोळ्या घेतल्या, त्यात साखर वाढली. पडद्यातून इंजेक्शनंही झाली. थोडं परत आलं. खालच्या पट्टीतलं आलं, वरचं नाही. डाव्या बाजूने कुणी बोललं तर आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. 'स' आणि 'फ' गळून पडतात.

मला राग कुणा एका डॉक्टरचा नाही, पगडीवाल्याचा तर मुळीच नाही. राग आपल्या घरांचा आहे, त्यात माझं घर पहिलं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं असतं तर तीन आठवडे गुलाबपाणी घालत बसले असते का मी? त्याच रात्री रिक्षा काढली असती. कान मात्र आपल्याकडे स्वयंपाकघराच्या अखत्यारीत, आणि ऐकू न येणं म्हणजे करमणूक. ज्या गावाचं नाव उस्ताद अमीर खाँसाहेबांमुळे घराण्याला लागलं, त्या गावात कानाची ही किंमत!

तेलाला सरसकट नावं ठेवत नाही मी. पडदा शाबूत असेल आणि नुसता मळच असेल तर साध्या तेलाने तो मऊ होतो. पण लसूण कढवलेलं गरम तेल नको, पावसाळ्यात ओल्या कानात तर तेल नकोच, बुरशी धरते. आणि ती कापसाची काडी कानात घालूच नका, ती मळ काढत नाही, आत दाबते. कान स्वतःच मळ बाहेर ढकलत असतो.

आता सानंदच्या नाटकाला मी डावीकडची खुर्ची पकडते, म्हणजे उजवा कान सभागृहाकडे राहतो. ओळखीचं कुणी डावीकडून बोललं आणि मी उत्तर दिलं नाही तर शिष्ट समजू नका, उजवीकडे या.

मागच्या महिन्यात उज्जैनहून जाऊबाईंचा फोन आला, चार दिवस कान बंद आहे म्हणून. मी म्हटलं, "अहो, आधी तोंड मिटून हुं करा." बंद कानातच घुमला. तरी मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायला लावलंच, आधी तर चिडल्या. मळाच्या बोळ्याबरोबर काडीचा कापूसही निघाला आतून. संध्याकाळी त्यांचाच फोन, "अगं, आमचा पंखा इतका आवाज करतो हे मला माहीतच नव्हतं!"