फोटो काढा, पण नाव लिहा

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका कडुनिंबाला बांधलेला असतो. माहेरी आलेली एक लेक झोक्यावर, दुसरी मोबाइल धरून उभी. तेवढ्यात ओट्यावरून काका ओरडतात, "ठेवी द्या तो मोबाइल!" हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत, लळिंगच्या किल्ल्यावर, पाटणादेवीच्या रानात हेच ऐकू येते. फोटोच्या नादात लोक क्षण जगायचेच विसरले, असा हा आरोप. सांगणारा वयाने मोठा असतो, म्हणून आपण मान डोलावतो. मी डोलावणार नाही.

पहिले म्हणणे असे, की हा मोबाइलवाल्या पिढीचा रोग आहे. जळगावहून अजिंठा ६० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या दहाव्या लेण्यात २८ एप्रिल १८१९ या तारखेसह जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने भित्तिचित्रावर आपले नाव खरवडले. तेव्हा लेण्यात ढिगारा साचला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून ती अक्षरे आज डोक्याच्या वर दिसतात. कॅमेरा जगापुढे यायला अजून वीस वर्षे होती. 'मी इथे आलो होतो' हे सांगायची हौस कॅमेऱ्याहून जुनी आहे. कॅमेऱ्यामुळे ती भागवायला भिंत लागेनाशी झाली, एवढेच. किल्ल्याच्या दगडावर बदाम काढून त्यात नावे रंगवणाऱ्यापेक्षा दरवाजात उभा राहून सेल्फी घेणारा कितीतरी शहाणा.

दुसरे म्हणणे शास्त्राचा आधार घेते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त. एवढे सगळेच सांगतात. पुढचे सांगत नाहीत. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, तेव्हा आठवण कमी झाली नाही. फोटोत न आलेला भागही लक्षात राहिला. म्हणजे दोष बटणाचा नाही, न बघता ते दाबण्याचा आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत गोड: जे खरे असते ते मनात राहतेच. मनावर एवढा भरवसा असेल, तर असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींकडे पाहा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करता करता त्यांना ओव्या सुचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक जण यांनी त्या ऐकून उतरवून घेतल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापता आली. ज्या ओव्या कोणी उतरवल्या नसतील, त्या त्यांच्याबरोबरच गेल्या. मन मोठे खरे, पण ते माणसाबरोबर जाते.

आता माझी बाजू. भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. वर्षानुवर्षांची ती मेहनत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत तिच्यातले बहुतेक जळून गेले. याच गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. ते १८६४ मध्ये पुस्तकात छापले गेले आणि आजही बघायला मिळतात. त्यांत रंग नाहीत, हे कबूल. पण एका आगीत संपणार नाहीत इतक्या प्रती झाल्या. फोटोचे बळ हेच. धुळ्याच्या लग्नाचा फोटो सुरतच्या आत्याकडे असतो, पुण्याच्या मामाकडेही असतो. एका घरातला अल्बम भिजला तरी लग्न वाहून जात नाही.

दुसरा साक्षीदार चाळीसगावचा. तिथे स्टेशनजवळ केकी मूस यांचे घर आहे. देशोदेशीची बक्षिसे मिळवणारा हा छायाचित्रकार जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडला. १९८९ मध्ये ते वारले. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश खेळवून त्यांनी अख्खे निसर्गदेखावे उभे केले. फोटो काढणारा बघत नाही म्हणणाऱ्याने ते घर एकदा पाहावे. प्रवासाला गेल्याशिवाय फोटो कशाचा काढायचा, या प्रश्नाचे उत्तरही तिथेच मिळते. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजचे हजार फोटो निघतात आणि खापरावर मांडे टाकणाऱ्या आजीच्या हातांचा एकही नसतो. जे रोज दिसते ते कायमच दिसणार, असे आपण धरून चालतो.

काकांचे एक मात्र खरे. एकाच झोक्याचे चाळीस फोटो काढून पुन्हा एकदाही न बघणे ही साठवण नव्हे, अडगळ आहे. फोटो ही नुसती खुंटी. आठवण तिच्यावर माणसाने अडकवायची असते. जुन्या अल्बममधल्या किती चेहऱ्यांची नावे आज घरात कोणालाच सांगता येत नाहीत!

तेव्हा येत्या आखाजीला झोक्याचा एकच फोटो काढा. तो छापून घ्या आणि मागे लिहा: गाव, साल, कोण कोण. मग जुना अल्बम घेऊन त्याच काकांच्या शेजारी ओट्यावर बसा. त्यातली नावे आता फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.